धावत्या गाड्यांच्या नेटवर्कमध्ये राउटिंग कोणतं वापरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ई.च्या प्रबंधासाठी एओडीव्ही, ओएलएसआर, डीएसडीव्ही आणि जीपीएसआर या चार राउटिंग प्रोटोकॉलची, म्हणजे पॅकेट कोणत्या गाड्यांमधून पुढे न्यायचं ते ठरवणाऱ्या नियमांची, तुलना चालू आहे. रस्ते दोन घेतलेत. एक मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा पट्टा आणि दुसरा पुण्याच्या पेठांचा भाग. गाड्यांची हालचाल सुमो या वाहतुकीच्या सिम्युलेटरमधून येते, रेडिओचं काम एनएस-३ या नेटवर्कच्या सिम्युलेटरमध्ये होतं. पॅकेट पोचण्याचं प्रमाण काही केल्या ३५ टक्क्यांच्या वर सरकत नाही. कोणता प्रोटोकॉल घ्यावा आणि चुकतंय कुठे?

चारांपैकी एकही जसाच्या तसा घेण्याजोगा नाही. त्यातले पहिले तीन गाडीच्या नावावर मार्ग बांधतात आणि रस्त्यावर तो मार्ग टिकतच नाही. चौथा जागेवर चालतो, म्हणजे दिशा बरोबर आहे, पण शेजाऱ्याची शिळी जागा आणि मधल्या इमारती त्याला गोत्यात आणतात. तुमच्या ३५ टक्क्यांमध्ये मात्र प्रोटोकॉलचा दोष किती आणि प्रसंगाच्या, म्हणजे सिम्युलेशनमधल्या परिस्थितीच्या, मांडणीचा किती, हे आधी वेगळं काढावं लागेल. अनुभवानं सांगायचं तर मांडणीचा दोष बहुधा जास्त निघतो.

मार्ग का टिकत नाही

रेडिओचा भरवशाचा पल्ला २५० मीटर धरा. समोरासमोरून ताशी १०० किलोमीटरनं येणाऱ्या दोन गाड्यांचा सापेक्ष वेग सेकंदाला ५५.६ मीटर होतो. पल्ल्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ५०० मीटर, म्हणजे पूर्ण भेट ९ सेकंदांची. एकाच दिशेला जाणाऱ्या, वेगात २० किलोमीटरचा फरक असलेल्या गाड्यांना हीच भेट ९० सेकंद मिळते. हा कमाल आकडा झाला. मार्ग बांधायला घेता तेव्हा निम्मीअधिक भेट सहसा संपलेली असते. त्यात पाच दुवे (दोन गाड्यांमधली थेट जोडणी म्हणजे एक दुवा) जोडले की त्यातला सगळ्यात कच्चा दुवा मार्गाचं आयुष्य ठरवतो. प्रत्येक दुवा सरासरी १५ सेकंद टिकणारा आणि एकमेकांपासून स्वतंत्र तुटणारा मानला, तर पाच दुव्यांचा मार्ग सरासरी ३ सेकंदच टिकतो.

आता प्रोटोकॉलची घड्याळं याच्या शेजारी ठेवून पाहा. एओडीव्हीचा आरएफसी ३५६१, म्हणजे त्याचं प्रसिद्ध वर्णनपत्र, जुलै २००३ चा. त्यात हॅलो, म्हणजे ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश, दर सेकंदाला आणि दोन हॅलो चुकले की शेजारी गेला असं ठरतं. म्हणजे दुवा तुटल्याचं कळायला २ सेकंद, आणि तेवढ्यात समोरची गाडी १११ मीटर सरकलेली. ओएलएसआरचा आरएफसी ३६२६ त्याच वर्षी ऑक्टोबरचा. त्यात हॅलो २ सेकंदांनी, शेजाऱ्याची नोंद ६ सेकंद जिवंत आणि टोपॉलॉजीचा (कोण कुणाशी जोडलंय याचा) निरोप ५ सेकंदांनी. ६ सेकंदांत तीच गाडी ३३३ मीटर पुढे. डीएसडीव्हीचं एनएस-३ मधलं नियतकालिक अपडेट मुळातच १५ सेकंदांचं आहे. ताशी १०० नं १५ सेकंदांत ४१७ मीटर कापले जातात. असल्या मुदतींवर डीएसडीव्ही हरला यात नवल काहीच नाही, आणि तो ‘निष्कर्ष’ म्हणून छापण्यातही अर्थ नाही. हे प्रोटोकॉल बैठ्या किंवा पायी चालणाऱ्या माणसांच्या नेटवर्कसाठी घडले. तिथे ते नीट चालतात.

एओडीव्हीचं आणखी एक खातं लोक तपासत नाहीत: शोधाचा वेळ. मार्गाची विचारणा आधी एका हॉपपुरती (एका गाडीकडून दुसरीकडे एक उडी) जाते, मग ३, ५, ७ आणि त्यानंतर थेट ३५. प्रत्येक फेरीला थांबण्याची मुदत ठरलेली आहे. मूळ किमती ठेवल्या तर पहिल्या चार फेऱ्यांची २४०, ४००, ५६० आणि ७२० मिलिसेकंद. सात हॉपच्या पलीकडचा कुणी हवा असेल, तर खऱ्या शोधाला सुरुवात होईपर्यंत १.९२ सेकंद गेलेले असतात. ३ सेकंद टिकणाऱ्या मार्गासाठी जवळपास २ सेकंद शोधात घालवायचे, म्हणजे वरातीमागून घोडं.

शिवाय हे प्रोटोकॉल कमीत कमी हॉपचा मार्ग निवडतात. कमी हॉप म्हणजे लांब उड्या आणि लांब उडी म्हणजे पल्ल्याच्या काठावरचा, सगळ्यात कमकुवत दुवा. त्यातून हॅलो छोटा असतो आणि ब्रॉडकास्ट म्हणून, म्हणजे सगळ्यांना उद्देशून, कमी दरानं जातो, तर डेटाचं पॅकेट मोठं आणि बऱ्याचदा वरच्या दरानं. हॅलो पोचतो, डेटा पोचत नाही, मग मार्ग ‘जिवंत’ दिसतो आणि पॅकेट मात्र गळत राहतात. एनएस-३ मध्ये ब्रॉडकास्टचा दर ठरवणारी नॉनयुनिकास्टमोड नावाची सेटिंग आहे. ती डेटाच्या दराशी जुळवून ठेवा, दोन्हीकडे ६ मेगाबिट. एवढ्यानंही एओडीव्हीचा आकडा हलतो.

एओडीव्ही अगदीच टाकाऊ आहे असं नाही. एकाच वेगानं जाणारा ट्रकांचा ताफा, टोलनाक्याची रांग, दोन-तीन हॉपचं अंतर, अशा ठिकाणी तो पुरतो. हॅलो बंद करा, दुवा तुटल्याची खबर मॅक थराच्या (रेडिओवर कुणी कधी बोलायचं ते सांभाळणाऱ्या थराच्या) पोचपावतीवरून घ्या. तुलनेत पायाभूत रेघ म्हणून तो ठेवायलाच हवा.

आधी मोजा: मार्ग होता तरी का?

रेडिओ असलेल्या गाड्या रस्त्यावर यादृच्छिक विखुरलेल्या आहेत असं धरू. किलोमीटरला १० गाड्या आणि २५० मीटर पल्ला असेल, तर लागोपाठच्या दोन गाड्यांमधलं अंतर पल्ल्याबाहेर असण्याची शक्यता सुमारे ८ टक्के येते. ऐकायला थोडी वाटते. पण २ किलोमीटरवर असे सुमारे २० सांधे आहेत आणि ते सगळे जुळायला हवेत, त्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास उरते. किलोमीटरला ५ गाड्या असतील तर ३ टक्के. २० असतील तर ७६ टक्के. १० ते २० च्या दरम्यान चित्र एकदम पालटतं, आणि तुमचा प्रसंग त्या उताराच्या कुठल्या बाजूला आहे यावर निकाल ठरतो. प्रोटोकॉल कुठला आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. इथे ‘गाड्या’ म्हणजे रेडिओ बसवलेल्या गाड्या. रस्ता गच्च भरलेला असला आणि दहातल्या एकाच गाडीत रेडिओ असला, तर नेटवर्कच्या दृष्टीनं रस्ता ओसाडच.

म्हणून प्रोटोकॉल चालवण्याआधी कमाल मर्यादा काढा. सुमोच्या एफसीडी आउटपुटमधून (गाड्यांच्या जागांच्या नोंदीतून) दर सेकंदाच्या जागा घ्या. पल्ल्यातल्या गाड्या जोडून आलेख तयार करा आणि प्रत्येक पॅकेट निघाल्या क्षणी उगम ते मुक्काम मार्ग होता का ते तपासा. पायथॉनच्या नेटवर्कएक्स या आलेखांच्या लायब्ररीत हे वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. ही मर्यादा ४० टक्के निघाली आणि एओडीव्ही ३३ देत असेल, तर तो जमण्याजोग्या कामातलं ८२ टक्के काम करतोय. मग सुधारणा प्रोटोकॉल बदलून होणार नाही. पॅकेट धरून ठेवण्याची सोय द्यावी लागेल, नाहीतर रस्त्याकडेला रेडिओचं स्थिर एकक उभं करावं लागेल.

उगम-मुक्कामाच्या जोड्या कशा निवडल्यात तेही बघा. द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटरचा. त्याच्या लांब पट्ट्यावर कुठल्याही दोन गाड्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर तीस-चाळीस हॉपची जोडी निघते. खरी गरज कुणाची? अपघाताची सूचना मागच्या दोन-तीन किलोमीटरला हवी असते, टोलजवळच्या एककाशी जोडणी एक-दोन किलोमीटरवरून. जोड्या १ ते ३ किलोमीटरच्या घ्या आणि अंतराप्रमाणे निकाल वेगळे छापा.

सुमोतून एनएस-३ मध्ये येताना शिरणारी भुतं

ही चूक सगळ्यात जास्त आढळते. सुमोचा ट्रेसएक्सपोर्टर एनएस-२ धाटणीची हालचालीची फाइल देतो. त्या फाइलमध्ये प्रत्येक गाडीची सुरुवातीची जागा शून्य सेकंदाला मांडलेली असते. जी गाडी २०० व्या सेकंदाला रस्त्यावर येणार, ती एनएस-३ मध्ये पहिल्या सेकंदापासून नकाशाच्या तोंडाशी उभी असते, तिचा रेडिओ चालू असतो आणि ती हॅलोही पाठवत असते. प्रवास संपवलेली गाडीही शेवटच्या जागी तशीच उभी राहते. नकाशाच्या कडांवर अशा भुतांची गर्दी जमते. चॅनेल तिथे तुंबतो आणि शेजाऱ्यांच्या याद्या फुगतात. त्यातलं एखादं भूत मुक्काम म्हणून निवडलं गेलं तर पॅकेट कधीच नीट पोचत नाही. त्याच ट्रेसएक्सपोर्टरमधून गाड्यांच्या सुरू-बंद होण्याच्या वेळांची वेगळी फाइल मिळते. ती वाचून रेडिओ आणि अॅप्लिकेशन त्या वेळांनाच चालू-बंद करा.

दुसरं, सुमोमध्ये ३०० सेकंद अडकून पडलेली गाडी आपोआप उचलून पुढे टाकली जाते. शहराच्या कोंडीत हे सर्रास होतं, आणि रेडिओच्या नजरेनं गाडी एका क्षणात शेदोनशे मीटर उडी मारते. ती मुदत उणे १ करून हा प्रकार बंद करा, आणि मग कोंडी फुटतच नसेल तर सिग्नलच्या वेळा सुधारा. तिसरं, ओपनस्ट्रीटमॅपवरून नेटवर्क बनवताना डावीकडून चालवण्याचा पर्याय लागू झालाय ना, ते सुमोच्या खिडकीत डोळ्यांनी पाहून खात्री करा. सुमोचं पाऊल एका सेकंदाऐवजी ०.१ सेकंदाचं ठेवा. दुचाकींचं मिश्रण दाखवायचं असेल तर सबलेन मॉडेल (एकाच लेनमध्ये शेजारी-शेजारी चालू देणारं) लागतं. त्याशिवाय पेठेतली वाहतूक रुळावरच्या डब्यांसारखी चालते.

पहिले १५०–२०० सेकंद मोजणीतून वगळा. रस्ता भरायला तेवढा वेळ जातो. आणि एकाच सीडवर, म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या एकाच सुरुवातीवर, निष्कर्ष काढू नका. किमान दहा, जमल्यास तीस वेगळे सीड चालवून विश्वासमर्यादा आलेखावर दाखवा. चार प्रोटोकॉलच्या रेघा तीन टक्क्यांच्या अंतरात आल्या असतील आणि मर्यादा पाच टक्क्यांच्या असतील, तर त्यांच्यात फरक नाही असंच लिहायचं.

जागेवर आधारलेलं राउटिंग आणि त्याची दुखणी

जीपीएसआर कार्प आणि कुंग यांनी २००० साली मांडला. मार्ग साठवायचाच नाही. हातात पॅकेट आलं की शेजाऱ्यांपैकी मुक्कामाच्या सर्वांत जवळ कोण ते पाहायचं आणि त्याच्याकडे सोपवायचं. शोध नाही, दुरुस्ती नाही. मधली गाडी निघून गेली तरी तिची जागा दुसरी घेते. गाड्यांसाठी हीच मांडणी योग्य आहे. पण तिचा सारा भार दोन गोष्टींवर आहे: शेजाऱ्याची जागा ताजी असणं आणि मुक्कामाची जागा ठाऊक असणं.

पहिली गोष्ट आधी घेऊ, कारण पॅकेट तिथेच गळतात. सर्वांत पुढचा शेजारी म्हणजे पल्ल्याच्या काठावरचा, आणि तोच निसटून गेलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणजे ही पद्धत नेमकी कच्च्या दुव्यावर बोट ठेवते. युरोपच्या ईटीएसआय या मानकसंस्थेच्या जिओनेटवर्किंग मानकात, म्हणजे जागेवर चालणाऱ्या राउटिंगच्या मानकात, शेजाऱ्याच्या नोंदीचं मूळ आयुष्य २० सेकंदांचं आहे. २० सेकंदांत ताशी १०० नं जाणारी गाडी ५५५ मीटर दूर पोचते. त्या किमतीवर अंध विश्वास ठेवून ग्रीडी फॉरवर्डिंग (दर वेळी मुक्कामाच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्याला देणं) चालवलं तर आकडे कोसळतात. हे करा:

– पुढचा हॉप निवडताना दीड-दोन सेकंदांहून जुनी नोंद धरू नका. 
– नोंदीतली जागा जशीच्या तशी न वापरता तिच्यात वेग गुणिले नोंदीचं वय मिळवून आजची जागा काढा. 
– अंदाजे पल्ल्याच्या ७०–८० टक्क्यांपलीकडचा शेजारी वगळा. हॉप एखादा वाढेल, पण पॅकेट पोचेल. 
– मॅक थरावरची फेरप्रयत्नांची मर्यादा ७ वरून ३ वर आणा, आणि पोचपावती आली नाही की त्या शेजाऱ्याला यादीतून काढून त्याच पॅकेटसाठी दुसरा निवडा.

शेवटच्या मुद्द्याचं कारण असं: ८०२.११पी या गाड्यांसाठीच्या वायफाय मानकात थांबण्याचा एक स्लॉट १३ मायक्रोसेकंदांचा. सात प्रयत्नांत वाढत जाणाऱ्या प्रतीक्षेच्या खिडक्यांमुळे एका मेलेल्या शेजाऱ्यापायी १५ मिलिसेकंदांच्या आसपास जातात, आणि तोवर मागची सगळी रांग खोळंबते. पोचपावतीचा हा आधार सगळीकडे मिळत नाही हेही लक्षात असू द्या. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १४ मधल्या सी-व्ही२एक्स या गाड्यांसाठीच्या तंत्रात गाडी ते गाडी प्रसारण हे ब्रॉडकास्टच असतं, खालच्या थराकडून ‘पोचलं नाही’ असं कळतच नाही. प्रतिसादासह युनिकास्ट (एकालाच उद्देशून प्रसारण) रिलीज १६ मध्ये आलं.

शेजाऱ्यांच्या माहितीसाठी वेगळे हॅलो पाठवू नका. गाड्या सुरक्षेसाठी स्थितीचा संदेश पाठवतच असतात. युरोपच्या नियमांत जागा ४ मीटर, दिशा ४ अंश किंवा वेग सेकंदाला अर्धा मीटर बदलला की नवा संदेश निघतो, कमीत कमी दर सेकंदाला एक आणि जास्तीत जास्त दहा. तोच शेजाऱ्यांच्या यादीला पुरेसा आहे. चॅनेलचा हिशेब पाहिलात तर काटकसर का हवी ते कळेल. ३०० बाइटचं पॅकेट ६ मेगाबिटनं १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर सुमारे ०.४५ मिलिसेकंद हवेत असतं. एकमेकांच्या पल्ल्यात १०० गाड्या आणि प्रत्येकी सेकंदाला १० संदेश, की चॅनेलचा ४५ टक्के वेळ याच कामात संपला. राउटिंगला जे वाढायचं ते उरलेल्या पानातून.

दुसरी गोष्ट मुक्कामाची जागा. सिम्युलेशनमधला जीपीएसआर ती थेट सिम्युलेटरकडून घेतो, जणू आकाशवाणी झाली. खऱ्या रस्त्यावर ‘अमुक पत्त्याची गाडी कुठे आहे’ ही विचारणा पूर सोडूनच, म्हणजे सगळ्यांमार्फत सगळीकडे पसरवूनच, करावी लागते. जिओनेटवर्किंगमध्ये तिची लोकेशन सर्व्हिस आहे आणि ती जवळपास एओडीव्हीच्या शोधासारखीच वागते. हा खर्च जीपीएसआरच्या खात्यात न धरता एओडीव्हीशी तुलना करणं हा अन्याय आहे, आणि परीक्षक जाणता असेल तर नेमकं हेच विचारेल. मुक्काम रस्त्याकडेचं एकक असेल, किंवा गाडी नसून रस्त्याचा एखादा भाग असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. प्रबंधाचा प्रसंग शक्यतो तसाच निवडा.

जीपीएसआरचा दुसरा अर्धा भाग आणखी नाजूक आहे. पुढे कुणीच नसेल तर तो परिमिती पद्धतीत जातो: आलेखातल्या एकमेकांना छेदणाऱ्या कडा काढून टाकायच्या आणि उजव्या हाताच्या नियमानं फिरत राहायचं. कडा काढण्याचा नियम ‘जवळ आहे म्हणजे ऐकू येतं’ असं गृहीत धरतो. पेठेत ते खोटं ठरतं. क आणि ख एकमेकांना ऐकतात, ग त्यांच्या मधोमध आहे पण इमारतीमुळे ख ला ऐकू येत नाही. क ला ग ऐकू येतो म्हणून तो क–ख ही कड अनावश्यक समजून टाकतो, आणि ग मार्गे ख कडे जाता तर येत नाही. होता तो दुवाही गेला. द्रुतगती मार्गावर तर ही पद्धत निरर्थकच आहे. रस्ता ही एक रेघ असते. पुढे कुणी नाही म्हणजे पुढे खंड आहे. उजवा हात धरून पॅकेट मागे-मागे हिंडतं आणि हॉपची मर्यादा संपवून मरतं. तिथे परिमिती पद्धत बंद करून पॅकेट गाडीतच धरून ठेवा.

घाटात अजून एक फसगत होते. खोपोली–खंडाळ्याच्या वळणांवर हवेतलं अंतर आणि रस्त्यानं अंतर यांचा मेळ नसतो. डोंगराआड असलेली गाडी सरळ रेषेत जवळ दिसते, पण मध्ये कातळ असतो. जुना महामार्गही तिथे जवळून जातो, त्यावरच्या गाड्या शेजारी म्हणून यादीत येतात. उपाय सोपा आहे: अंतर रस्त्याच्या मध्यरेषेवर मोजा. भाताण, माडप, कामशेतसारख्या बोगद्यांमध्ये जीपीएस नसतं, तेव्हा शेवटच्या जागेत वेग मिळवत अंदाज चालवावा लागतो. सिम्युलेशनमध्ये हा दोष घालायचा असेल तर बोगद्यातल्या जागेत चूक मिसळा. सगळ्यांना बिनचूक जागा देऊन आलेला निकाल घाटासाठी खरा मानता येणार नाही.

शहर: चौक धरून चालणं

पेठेतल्या गल्लीत रेडिओ गल्लीच्या रेषेतच जातो, कोपऱ्याआड सिग्नल झपाट्यानं पडतो. म्हणून शहरात निर्णय चौकात घ्यायचे. २००५ चा जीपीसीआर असं करतो: गल्लीतून पॅकेट सरळ पुढे जातं, पण चौकातल्या गाडीला ओलांडून उडी मारत नाही. पुढे कुठल्या रस्त्यानं वळायचं ते चौकातली गाडी ठरवते. नकाशावरून आधीच चौकांची माळ काढणारेही आहेत. २००३ चा जीएसआर सर्वांत जवळचा रस्ता घेतो, त्यावर गाड्या आहेत की नाहीत हे बघत नाही. रात्री अकरा वाजता तो तुम्हाला सामसूम गल्लीतून पाठवणार. ए-स्टारनं बसमार्गांना प्राधान्य देऊन आणि जीवायटीएआरनं रस्त्यावरची गाड्यांची घनता मोजून ही उणीव भरली. पुण्यासारख्या ठिकाणी घनतेच्या मोजणीशिवाय पर्याय नाही, पण सरासरी घनतेवर जाऊ नका. सिग्नलला लागून गाड्यांचा घोळका असतो आणि त्याच्या पुढे १५०–२०० मीटर मोकळं. सरासरी चांगली दिसते, साखळी मात्र तुटलेली असते. रस्त्याचे पल्ल्याएवढे तुकडे करा, आणि एकही तुकडा रिकामा असेल तर तो रस्ता तुटलेला माना.

हे सगळं इमारतींचं मॉडेल असेल तरच अर्थपूर्ण आहे. फ्रीस किंवा टू-रे या सिग्नलच्या घटीच्या साध्या मॉडेलमध्ये पल्ला म्हणजे स्वच्छ वर्तुळ. त्यात जीपीसीआर आणि जीपीएसआर सारखेच दिसतील, कदाचित जीपीएसआर जिंकेलही. व्हेइन्स या वाहनांच्या नेटवर्कच्या सिम्युलेटरमध्ये इमारतींचं साधं मॉडेल तयार मिळतं: प्रत्येक भिंतीला ९ डेसिबल आणि इमारतीच्या आतल्या प्रत्येक मीटरला ०.४ डेसिबल घट. इमारतींच्या आकृती सुमोच्या पॉलीकन्व्हर्टनं नकाशातून काढता येतात. एनएस-३ सोडायचं नसेल तर हाच हिशेब स्वतःच्या प्रसारण मॉडेलमध्ये लिहा, फार मोठा नाही. मोकळ्या द्रुतगती मार्गासाठी नाकागामी हे सिग्नलच्या चढउताराचं मॉडेल पुरे. मोठा ट्रक मध्ये आला की १० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट होते, तेही जमल्यास घाला. उलट उंच गाडीवरचा अँटेना दूरवर ऐकतो, त्यामुळे पुढच्या हॉपसाठी एसटी बस हा मोटारीपेक्षा सरस उमेदवार ठरतो. या कल्पनेवर प्रबंधात एक प्रकरण सहज लिहिता येईल.

पत्ता गाडीचा नसतो तेव्हा

वाहनांच्या नेटवर्कमधले बरेचसे कामाचे संदेश ‘या भागातल्या सगळ्यांना’ असे असतात. तुमच्या तुलनेत हा प्रकारच नाही. अमेरिकेच्या मांडणीतला डब्ल्यूएसएमपी हा छोट्या संदेशांचा प्रोटोकॉल तर एका हॉपपुरताच आहे. अनेक हॉपचं राउटिंग मानकात बसवलं ते युरोपनं, आणि त्यातला उपयोगी भाग म्हणजे ठरावीक क्षेत्रात पसरणारा जिओब्रॉडकास्ट.

प्रत्येकानं ऐकलेलं पुन्हा बोलायचं ठरवलं की चॅनेल बसतो. म्हणून स्पर्धेवर आधारलेलं फॉरवर्डिंग, म्हणजे सीबीएफ. यात पाठवणारा पुढचा हॉप निवडतच नाही. ऐकणारा प्रत्येक जण घड्याळ लावतो, पाठवणाऱ्यापासून जितका दूर तितकी मुदत कमी. ज्याची मुदत आधी संपते तो बोलतो, ते ऐकून बाकीचे गप्प बसतात. शेजाऱ्यांची यादी लागत नाही, म्हणून शिळ्या जागेचा प्रश्नही येत नाही. द्रुतगती मार्गावरच्या सूचनेसाठी माझी पसंती यालाच.

पण मूळ किमती तपासा. मुदत १ ते १०० मिलिसेकंद आणि कमाल अंतर १००० मीटर, म्हणजे दर मीटरला सुमारे ०.१ मिलिसेकंदाचा फरक. तुमचा खरा पल्ला २५० मीटर असेल, तर काठावरची गाडीही ७५ मिलिसेकंद थांबते, आणि दर हॉपला हा वेळ वायाच जातो. कमाल अंतर खऱ्या पल्ल्याएवढं करा. दुसरी अडचण पॅकेटच्या लांबीची. ते ०.४५ मिलिसेकंद हवेत असतं, म्हणजे मूळ किमतींवर साधारण साडेचार मीटरच्या आतल्या दोन गाड्यांच्या मुदती इतक्या जवळ पडतात की एकीचं बोलणं पूर्ण ऐकण्याआधी दुसरीची मुदत संपते. शेजारशेजारच्या लेनमधल्या गाड्यांचं हेच होतं आणि दुहेरी प्रती निघतात. कमाल अंतर २५० केलं की दर मीटरचा फरक चौपट होतो आणि हा त्रासही कमी होतो. थोडी यादृच्छिक भर घातली तर आणखी बरं.

शहरात सीबीएफ चौकात फसतो. चौकातली गाडी घड्याळ लावून बसलेली असते, सरळ रस्त्यावर पुढे असलेली गाडी आधी बोलते, चौकातली ते ऐकून गप्प बसते आणि आडव्या रस्त्याला संदेश जातच नाही. चौकातल्या गाडीनं एक प्रत ऐकून माघार घेऊ नये. प्रत्येक फाट्यावरून प्रत ऐकू आली तरच घ्यावी. चॅनेलवरच्या गर्दीचं नियंत्रण चालू असेल तर अजून एक गाठ: मुदत संपलेलं पॅकेट खालच्या रांगेत अडकतं, तेवढ्यात दुसऱ्याची प्रत ऐकू येते, पण रांगेतलं पॅकेट परत मागे घेता येत नाही. मग घड्याळाला अर्थ उरत नाही. रांगेतूनही पॅकेट रद्द करण्याची सोय ठेवा.

रस्ता विरळ असेल तर पॅकेट वाहून नेण्याला पर्याय नाही. व्हीएडीडी ही त्यातली जुनी आणि समजायला सोपी पद्धत, २००६ ची. विलंबाची तयारी मात्र ठेवा: २ किलोमीटरचा खंड ताशी ५० नं भरून काढायला १४४ सेकंद लागतात. जिओनेटवर्किंगमध्ये पॅकेटचं मूळ आयुष्य ६० सेकंदांचं, म्हणजे ते वाटेतच संपेल, आयुष्य वाढवावं लागेल. अपघाताची सूचना मागे न्यायची असते आणि आपल्या बाजूच्या गाड्या तर पुढेच चालल्यात. तिथे दुभाजकापलीकडच्या, उलट दिशेनं जाणाऱ्या गाड्या कामाला येतात: संदेश त्या उचलतात आणि मागून येणाऱ्यांना देत जातात. साध्या ग्रीडीत पुढचा हॉप म्हणून टाळायची ती उलट दिशेची गाडी इथे सर्वांत चांगला हमाल ठरते. कोडमध्ये या दोन भूमिका वेगळ्या ठेवा.

तुमच्या तुलनेची नवी यादी मी अशी करेन: द्रुतगती मार्गावर एओडीव्ही, सुधारलेला ग्रीडी आणि सीबीएफ. पेठेत जीपीएसआर, जीपीसीआर आणि घनता पाहणारा एखादा. दोन्हीकडे घनता किलोमीटरला ५, १०, २० आणि ४०. प्रत्येक आलेखावर कमाल मर्यादेची रेघ. विलंबाची सरासरी छापू नका, कारण धरून ठेवलेली दोन-चार पॅकेट ती कुठल्या कुठे नेतात. मध्यक आणि ९५ वा शतमक द्या, आणि त्यांच्या शेजारीच पोचलेल्या पॅकेटांचं प्रमाण. नाहीतर अवघड पॅकेट टाकून देणारा प्रोटोकॉल सगळ्यात वेगवान दिसेल.